प्रत्येक फेकीनंतर आठ

पहिला दिवस, गुरुवार

मामाला मिनीॲपोलिसला येऊन पाच आठवडे झाले होते. मंडळाचा गणपती झाला, मुलांच्या शाळा बघून झाल्या, नायगारा झाला. पण रोज संध्याकाळी तो घरामागच्या तळ्याकाठी जाऊन उभा राहायचा आणि परत आला की एवढंच सांगायचा, "पाण्यात हालचाल आहे." अडुसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली साठ वर्षं वाशिष्ठीवर गरवण्यात गेलेली. चिपळूणच्या वर, पोफळीच्या बाजूला त्याचं गाव, म्हणजे माझं आजोळ. मी सात वर्षांचा असताना माझ्या हातात पहिली गरी त्यानेच दिली. त्याच्या परतीच्या तिकिटाला दहा दिवस उरले, तेव्हा मी ऑफिसात दोन दिवस रजा टाकली. मामाला मस्की दाखवायचा होता.

मस्की म्हणजे मस्केलंज. पाइक आणि तो एकाच कुळातले, दोघांचंही अंग लांब वासासारखं, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि आत सुयांसारखे दात. पाइक युरोपात, आशियाच्या उत्तरेला आणि इथेही मिळतो. मस्की मात्र उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागातलाच, आणि पाइकपेक्षा मोठा होणारा. इथले लोक त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. मी गेली सहा वर्षं त्याच्या मागे आहे आणि माझ्या हाताला तो फक्त दोनदा लागला आहे. त्यामुळे मामाला मी कसलंच वचन दिलं नाही.

पाइन सिटीपर्यंत महामार्गाने गेलो आणि तिथून पूर्वेला वळलो. सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन लागतं. मग ग्रँट्सबर्ग, सायरन, स्पूनर. सप्टेंबरचा शेवट होता, मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते. मामाचं लक्ष झाडांकडे कमी आणि प्रत्येक पुलाखालच्या पाण्याकडे जास्त. दुपारी हेवर्डला पोचलो.

हेवर्डमध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात फायबरग्लासचा एक मस्की उभा आहे, 143 फूट लांब, चार मजल्यांहून उंच. आतल्या जिन्याने वर चढलं की माणूस थेट त्याच्या जबड्यात पोचतो. मामा खालच्या दातांपाशी उभा राहून बराच वेळ गावाकडे बघत होता. खाली आल्यावर भिंतीवरच्या जुन्या फोटोंपुढे थांबलो. 1949 हे साल या भागात पाठ असावं लागतं. त्या जुलैमध्ये कॅल जॉन्सनने लकुडरे तलावात 67 पौंड 8 औंसांचा मस्की धरला, आणि ऑक्टोबरमध्ये लुई स्प्रेने चिपेवा फ्लोएज या जवळच्या धरणाच्या पाण्यात 69 पौंड 11 औंसांचा. किलोमध्ये सांगायचं तर दोन्ही तीसच्या वर. हे संग्रहालय स्प्रेचा विक्रम मानतं, मासेमारीची आंतरराष्ट्रीय संस्था जॉन्सनचा मानते. जुन्या फोटोंवर पट्ट्या लावून मापं काढणारे लोक आजही दोन्ही माशांवर वाद घालतात.

मी हे सगळं मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मासा गेला, भांडण राहिलं."

चार दिवसांचे परवाने घेतले, कॅनमधलं नारळाचं दूध घेतलं आणि अंधार पडायच्या आत फ्लोएजच्या काठावरच्या केबिनमध्ये सामान टाकलं.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी सहाला धक्क्यावर 4 अंश होतं. मामाने बायकोची विणलेली कानटोपी घातली, वर माझं जॅकेट. गाइड साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा, हाताची बोटं माशांच्या दातांनी चिरून चिरून जुन्या दोरखंडासारखी झालेली. त्याने मामाचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून बघितला आणि मान हलवली. मामाच्या बोटांवरही तसेच व्रण आहेत. तेवढ्यावर त्यांची ओळख झाली. पुढचे तीन दिवस मी दुभाष्या होतो, पण माझं काम फारसं पडलं नाही.

चिपेवा फ्लोएज म्हणजे पंधरा हजार एकरांवर पसरलेलं धरणाचं पाणी. बेटं, खाड्या, बुडालेल्या झाडांचे बुंधे. पाणी बिनदुधाच्या चहासारखं तांबूस. काही बेटं चक्क तरंगती आहेत. दलदलीचा थर तळापासून सुटून वर येतो, त्यावर झाडं वाढतात आणि वाऱ्याबरोबर ते बेट जागा बदलतं. अशा तरंगत्या कडेखालीच मस्की सावलीला दबा धरून असतो. मामाने हे ऐकलं आणि लगेच म्हणाला, "मरळ." बरोबरच होतं. आपल्याकडची मरळही शेवाळाच्या, पाणवेलींच्या कडेला अशीच निश्चल पडून राहते आणि बेडूक जवळ आला की एकदम झडप.

पण काठी हातात आल्यावर तो गप्प झाला. साडेआठ फुटांची काठी, 80 पौंडांची विणलेली दोरी, पुढे दातांनी तुटू नये म्हणून जोडलेला जाड तुकडा, म्हणजे लीडर, आणि टोकाला बकटेल. बकटेल म्हणजे दोन गोल पितळी पाती आणि मागे केसांचा झुपका, दोन तिहेरी गऱ्यांसकट वीतभर लांबीचं. मामा ते हातावर तोलत म्हणाला, "अरे, आपण एवढा मासा पकडून घरी नेतो."

गरवणं म्हणजे वाट बघणं, हे मामाने मला शिकवलं होतं. गरी टाकायची, तंगूस बोटावर धरायचं आणि मासा कधी टोचेल याकडे जीव लावून बसायचं. मस्कीचं तंत्र उलटं आहे. फेकायचं, ओढून आणायचं, पुन्हा फेकायचं, दिवसाला काही शे वेळा. आणि ओढून आणल्यावर काम संपत नाही, खरं तर तिथेच सुरू होतं. कारण मस्की बऱ्याचदा आमिषाच्या मागे मागे होडीपर्यंत येतो आणि तोंड न उघडता नुसता बघत राहतो. याला इथे फॉलो म्हणतात. म्हणून दोरी वीतभर उरली की रीळ थांबवायचं, काठीचं टोक पाण्यात खोल घालायचं आणि होडीच्या कडेला आमिषाने इंग्रजी आठचा आकडा काढायचा. मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीनंतर. वळणं ऐसपैस हवीत. चार फुटांच्या माशाला चिंचोळ्या वळणात फिरता येत नाही, आमिष त्याच्या नजरेतून सुटतं आणि तो निघून जातो.

गाइडने हवेत बोट फिरवून दाखवलं. मामाने विचारलं, "मराठी आठ नाही ना?" मी गाइडला आपला आठ लिहून दाखवला. त्याने तो नीट निरखला आणि म्हणाला, हा उघडा आहे, यातून मासा बाहेर जाईल.

दहाच्या सुमाराला मामाच्या आमिषामागे एक मासा आला. मी शेजारीच होतो. तांबूस पाण्यात आधी काहीच नव्हतं, आणि मग दोन फुटांवर एक लांब तांब्याची पट्टी, तिच्यावर गडद आडवे पट्टे, आणि पुढे एक डोळा. मामाने साठ वर्षांच्या सवयीने काठी वर उचलली. आमिष पाण्याबाहेर लोंबकळलं. मासा क्षणभर तिथेच राहिला आणि घाई न करता खाली विरघळून गेला. मामाने काठी आडवी ठेवली आणि बसून राहिला. गाइड काही बोलला नाही, त्याने थर्मासमधली कॉफी ओतून मामाच्या हातात दिली.

दुपारी पाणवनस्पतींच्या कडेला मामालाच पाइक लागला. 27 इंच. तो आमिष खोल गिळून आला होता, गरी कल्ल्यात रुतली होती आणि रक्त थांबत नव्हतं. गाइड म्हणाला, हा सोडला तरी जगणार नाही. नियमात बसत होता, ठेवला. ठेवण्याआधी त्याने पाइक कसा ओळखायचा ते दाखवलं. पाइकच्या हिरवट अंगावर फिकट ठिपके असतात. मस्कीचं अंग फिकट, त्यावर गडद खुणा किंवा पट्टे, क्वचित काहीच नाही. शेपटीची टोकं पाइकची गोलसर, मस्कीची टोकदार. शंका उरली तर जबड्याच्या खालच्या बाजूला एकेका अंगाची छिद्रं मोजायची. पाइकला पाच किंवा कमी, मस्कीला सहा ते नऊ. मामाने नखाने मोजली. पाच.

रात्री केबिनमध्ये मामाने ओटा ताब्यात घेतला. गाइडने पाइकचे बिनकाट्याचे पाच तुकडे काढायची पद्धत दाखवली होती, कारण त्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात आणि इथले लोक त्यापायी पाइक खायला कंटाळतात. मामाने ती पद्धत मान देऊन बघितली आणि मग आपल्या पद्धतीने आडव्या तुकड्या केल्या. पुरचुंडीतून आणलेला घरचा मसाला, कोकमं, लसूण, नारळाचं दूध. "पाला माशाला याच्या दुप्पट काटे असतात," म्हणत त्याने डोकं स्वतःच्या ताटात घेतलं. मांस पांढरं, घट्ट, गोडसर. गेली सहा वर्षं मी पाइक सोडूनच देत आलो, आता तसं करणार नाही.

जेवता जेवता त्याने विचारलं, "मस्कीपण असाच लागतो?"

मी म्हटलं, मामा, मस्की कोणी खात नाही. सगळे सोडून देतात. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, लहान मुलांनी आणि तरुण बायकांनी तो खाऊच नये असा सरकारी सल्ला आहे. पण खरं कारण ते नाही. चाळीस इंच व्हायला त्याला दहाएक वर्षं लागतात. या मोठ्या असतात त्या बहुतेक माद्या. स्प्रेच्या काळात होडीशेजारी आलेल्या मस्कीला पिस्तुलाने गोळी घालायचे, त्याच्या विक्रमी माशालाही तशीच गोळी घातली होती. मासे कमी झाले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. 1966 मध्ये शेजारच्या मिनेसोटात मस्कीवाल्यांची संघटना निघाली आणि तिने सोडून देण्याची रीत रुजवली.

"सोडायचाच तर पकडायचा कशाला? त्याला त्रास कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. तो रागाने विचारत नव्हता. सहा वर्षांत मी स्वतःला हा प्रश्न नीट विचारलाच नव्हता, हे त्या टेबलावर मला जाणवलं.

थोड्या वेळाने तोच बोलला. "पिल्लं घेऊन फिरणारी मरळ आम्ही कधी धरत नाही. लालभडक पिल्लांचा घोस वर, आणि ती खाली राखण करते. ती धरली की तासाभरात सगळी पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात. हे मला माझ्या बापाने सांगितलं. पण चढणीचे मासे मात्र पोती भरभरून आणले. पहिल्या पावसात अंड्यांनी फुगलेले, ओढ्याने वर चढणारे. ते सोडावेत असं आम्हाला कोणी सांगितलं नाही. आता चढणीला काय येतं? चार मळ्ये."

तिसरा दिवस, शनिवार

वायव्येचा वारा, आभाळ खाली आलेलं, अधूनमधून बर्फाळ भुरभुर. मस्कीवाल्यांना अशी हवा आवडते. सकाळचे पाच तास काहीच घडलं नाही. त्या पाच तासांबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही, फक्त खांदे दुखत होते.

वारा फार झाला तेव्हा गाइडने होडी एका बेटाच्या आडोशाला लावली आणि समोरच्या मोकळ्या पाण्याकडे हात करून सांगितलं की इथे खाली गाव आहे. 1923 मध्ये विंटर नावाचं धरण झालं आणि लकुडरेच्या ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांची वस्ती, त्यांची दफनभूमी आणि जंगली भाताची खाचरं पाण्याखाली गेली. त्यांनी विरोध केला होता. वीज कंपनीला परवाना मिळाला. त्या परवान्याची पन्नास वर्षं भरत आली तेव्हा, 1971 मध्ये, ओजिब्वे लोकांनी धरणावर जाऊन ठाण मांडलं. मस्केलंज हे नावही मुळात त्यांच्याच भाषेतून आलेलं आहे. पाइकला ते गिनूझे म्हणतात.

मी हे मराठीत सांगत होतो आणि मामा पाण्याकडे बघत होता. त्याच्या गावाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कोयनेच्या शिवसागरात साताऱ्याकडची गावं गेली. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि मग अवजल म्हणून वाशिष्ठीत येतं. कोकणातल्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटतात, आमची भर मे महिन्यात वाहते. मामाचं सगळं गरवणं त्या पाण्यावर झालं.

"गाइडला सांग," तो म्हणाला, "आमच्या नदीचं पाणीपण असंच आहे. कुणाच्या तरी घरांवरून आलेलं."

मी सांगितलं. गाइडने कानटोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग आम्ही पुन्हा फेकायला लागलो.

संध्याकाळी पावणेसहाला वारा पडला. तरंगत्या बेटाच्या कडेने शेवटची फेरी चालली होती. मामाने आमिष ओढून आणलं, पाण्यात काहीच नव्हतं, तरीही त्याने काठी खोल घातली आणि आठ काढायला लागला. दिवसभर त्याने एकही आठ चुकवला नव्हता. मी मोजत होतो. दुसऱ्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी फुगलं आणि काठी मुठीपर्यंत वाकली.

होडीशेजारची झुंज लांब नसते, पण सगळी जवळून असते. मासा दोनदा डोकं झाडत वर आला, मामाच्या तोंडावर पाणी उडालं. मग तो होडीखाली शिरला आणि मामाने न सांगता काठीचं टोक पाण्यात घालून फिरवून घेतलं. गाइडने जाळं खाली धरलं आणि मासा आत आला. जाळं वर उचलायचं नाही, ते पाण्यातच ठेवायचं, म्हणजे माशाला श्वास घेता येतो. एक गरी जबड्याच्या सांध्यात होती, ती लांब पकडीने सुटली. दुसरी वरच्या टाळूत हाडाशी बसलेली. गाइडने ती ओढली नाही, लोखंड कापायची कातरी घातली आणि गरीच तोडली. कट असा आवाज आला आणि गरीचे दोन तुकडे निघून आले.

मामा वाकून खालच्या जबड्याची छिद्रं मोजत होता. "सात," तो म्हणाला.

पट्टीवर साडेएकेचाळीस इंच भरला. नियमाने ठेवता आला असता. गाइडने माझ्याकडे बघितलं, मी मामाकडे. मामाने नुसता हात पाण्यात घातला.

फोटो नाही निघाला. मासा दमला होता, कुशीवर कलत होता आणि गाइड म्हणाला आधी त्याला उभं करू. एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली, नुसता आधार. पुढेमागे ढकलायचं नाही, तोंड पाण्यात सरळ ठेवायचं आणि कल्ले आपोआप हलेपर्यंत थांबायचं. मामा होडीच्या कडेवर ओणवा झाला, जॅकेटच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. पाणी 13 अंश होतं. पाच मिनिटांनी मी म्हटलं, मामा, मी धरतो. त्याने मान हलवली. दहा मिनिटांनी गाइडने विचारलं. त्यालाही मान हलवली. त्याची बोटं निळसर पडली होती. मी इतक्या जवळून मस्कीचा डोळा कधी बघितला नव्हता, कडेला सोनेरी, मध्ये काळा, आणि तो फिरतो. कल्ला उघडत होता, मिटत होता, उघडत होता. मामाचे ओठ हलत होते, पण तो मोजत होता की काही म्हणत होता, ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग शेपटीला ताकद आली. मामाच्या मुठीत ती एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. त्याने मूठ सैल केली, पण हात काढला नाही. मासा दोन श्वास तिथेच थांबला आणि चहाच्या रंगाच्या पाण्यात तिरका खाली गेला.

केबिनवर आल्यावर मी मामाचे हात टॉवेलात गुंडाळून शेगडीपाशी धरले. त्यांना माशाच्या बुळबुळीचा वास होता, काकडीच्या जवळचा. त्याने जेवायच्या आधी डाव्या हातानेच चहा प्यायला. कालचा प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. त्याने वेगळंच सांगितलं. म्हणाला, गावी गेल्यावर येत्या जूनमध्ये चढणीच्या ओढ्यावर जाणार, पोरांशी बोलणार. "ऐकतील की नाही माहीत नाही. मी त्यांना काय दाखवणार? फोटोपण नाही."

चौथा दिवस, रविवार

दुपारी निघायचं होतं, हाताशी चार तास. मामा म्हणाला, मी आज फेकत नाही, तू फेक, मी बघतो. तो होडीच्या मध्ये माझ्या मागे बसला, गुडघ्यांवर ब्लँकेट.

नऊच्या सुमाराला ऊन आलं आणि पाण्याच्या वरच्या हातभर थरात सगळं दिसायला लागलं. एका बुडालेल्या बुंध्यापासून मी आमिष आणलं, काठी पाण्यात घातली, पहिलं वळण. आणि ती आली. कालच्यापेक्षा खूप मोठी, पाठ माझ्या मांडीएवढी रुंद. पहिल्या वळणाला आमिषाच्या मागे वीतभर अंतरावर, दुसऱ्यालाही तशीच. माझे हात थरथरत होते. मागून मामाचा आवाज आला, हळू, माझ्या लहानपणी कोंडीच्या काठावर यायचा तसाच. "घाई नको. मोठं वळण. मोठं." तिसरं वळण, चौथं. तिने एकदा तोंड किंचित उघडलं, कल्ल्यांच्या कडा फाकल्या आणि मिटल्या. पाचव्या वळणाला ती वळली नाही. सरळ होडीखालून गेली. मी आणखी दहा आठ काढले.

नंतर आम्ही तिथे तासभर थांबलो, वेगवेगळी आमिषं लावून बघितली. गाइड म्हणाला पन्नासच्या जवळची असेल. आली नाही.

साडेअकराला धक्क्यावर होडी बांधली. गाइडने कालच्या बकटेलची तुटलेली गरी काढून नवी बसवली आणि ते आमिष मामाच्या हातात ठेवलं, पैसे घेतले नाहीत. मामाने खिशातून उरलेल्या कोकमांची पुरचुंडी काढून त्याला दिली आणि कसं वापरायचं ते मराठीतच सांगितलं. पाण्यात भिजव, मग घाल, जास्त नको. गाइडने मान डोलावली.

गाडीत बसल्यावर मामाने पट्टा लावला आणि मागे वळून पाण्याकडे बघितलं. "ती आहे तिथे," तो म्हणाला. सेंट क्रॉयच्या पुलावर मी गाडी हळू केली, पण तोवर त्याला झोप लागली होती, बकटेल वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर ठेवलेलं.